पाखाडीच्या गेटची चावी मिळतेय, पण कागदावर सही करू का?

वरचीवाडी

नमस्कार. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. मी राजापूर तालुक्यातली, आशा सेविका आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, प्रकरण गावातल्या गावात मिटेल अशी अजून आशा आहे. (आमच्याकडं आशाच असते, मानधन मागाहून येतं.)

आमची वाडी वर, सड्याला (कातळाच्या पठाराला) लागून. चौदा घरं, त्यातली पाच गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. शाळा, उपकेंद्र, रेशन, एसटीचा थांबा, सगळं खाली. वाडीतून पाखाडी उतरते, जांभ्याच्या पायऱ्यांची. 112 पायऱ्या आहेत. मोजल्यात, कारण रजिस्टरांची पिशवी खांद्याला लावून रोज चढताना दुसरं करणार काय? पाखाडी संपते तिथं पऱ्या म्हणजे ओढा, पऱ्यावर साकव म्हणजे छोटा पूल, पलीकडं आमच्या वाडीची भाताची खाचरं आणि मग डांबरी. उतरायला दहा मिनिटं लागतात.

पाखाडीच्या दोन्ही अंगांना हापूसची कलमं. बाग आधी गावातल्याच एका घराची होती, दोन भावांत वाटलेली, एकाची उजवी बाजू, दुसऱ्याची डावी. चार वर्षांपूर्वी दोघांनीही घाटावरच्या एका गृहस्थांना विकली. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या झाल्या आणि मधली पाखाडी त्यांना आपल्या बागेतली वाटायला लागली. तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात वर एक आणि खाली एक लोखंडी गेट बसलं. कुलूप लागलं. गडग्यावर (दगडी कुंपणावर) काटेरी तार आली.

आता आम्ही सड्यावरून वळसा घालून जातो, तीन किलोमीटरच्या वर भरतं. कातळावर सावलीला एक झाड नाही. वस्तीची गाडी सकाळी सव्वासहाला सुटते, ती पकडायला कॉलेजची पोरं पावणेपाचला घर सोडतात. जानेवारीत शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. बागेत राखणीला नेपाळचा एक मुलगा आहे, त्यानं कुलूप काढलं आणि वर बॅटरी धरून साकवापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी मालकांनी त्याला फोनवर किती बोलावं! मुलगी झाली, सुखरूप आहेत दोघी.

खोटं कशाला बोलू, आमच्याही चुका आहेत. वाडीतल्या दोन पोरांनी पाखाडीच्या वरच्या सपाट भागात मोटरसायकली घालायला सुरुवात केली होती. गेल्या मे महिन्यात बागेत आंब्याची चोरी झाली. कोणी केली माहीत नाही, पण बाटल्या सापडल्या त्या आमच्याच बाजूच्या गडग्याखाली.

शिमग्याला पालखी गेटापाशी आली तेव्हा मालक स्वतः हजर होते. दोन्ही गेटं उघडली, नारळ दिला, पालखी पुढं गेली आणि परत कुलूप लावलं. मी बघत उभी होते.

आता त्यांनी माणसाकरवी निरोप पाठवलाय. प्रत्येक घराला चावी देतील, पण पाचशेच्या स्टँपवर सही करायची. मजकुराचा फोटो माझ्याकडं आहे, त्यात लिहिलंय की आम्ही त्यांच्या मालकीच्या जागेतून त्यांच्या परवानगीनं सकाळी 7 ते संध्याकाळी 7 पायी ये-जा करतो, आणि ही परवानगी ते केव्हाही रद्द करू शकतात. उघड्या नऊ घरांपैकी पाच घरांनी सही केली. आमच्या सासूबाई म्हणतात, "मी काय आंगठा देयाची नाय." मला मात्र वाटतं, पावसाळा तोंडावर आलाय, चावी घ्यावी, उगाच ताणू नये. सही केली तर काय बिघडेल? कोणी सांगेल का?

कोकणी_वाघ

ताई सही बिही काही नाही. वाडी गोळा करा, कटर आणा, गेट काढून पऱ्यात टाका. आपल्या आजोबांची वाट आहे.

जुना तलाठी

वरच्या सल्ल्याकडं दुर्लक्ष करा. गेट तोडलंत की त्याच संध्याकाळी नुकसानीची तक्रार होईल, पोरांची नावं पडतील, आणि मग वाटेचं राहील बाजूला, तुम्ही जामिनाच्या मागं फिराल. असं मी दोन गावांत होताना पाहिलंय.

मी एकतीस वर्षं तलाठी आणि शेवटी मंडळ अधिकारी होतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, सही करू नका. अडचण एकाच शब्दात आहे, "परवानगीनं".

सुविधाधिकार कायदा 1882 चा आहे. त्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीतून कोणी 20 वर्षं उघडपणे, शांततेनं, अखंड आणि हक्क म्हणून ये-जा केली तर ती वाट त्याचा हक्क होते. यातलं "हक्क म्हणून" महत्त्वाचं. परवानगी घेऊन तुम्ही शंभर वर्षं चाललात तरी हक्क तयार होत नाही, कारण तुम्ही दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चाललात. उद्या कोर्टात तो कागद पुढं आला की साहेब एवढंच विचारतील, ही सही तुमचीच ना? आज चावी देणारे पुढच्या तुळशीला कुलूप बदलतील, आणि तसं करायची मुभा तुम्हीच लिहून दिलेली असेल.

दुसरी गोष्ट याहून घाईची. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5. शेताकडं जायची वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, पुन्हा अडवू नये असा मनाई हुकूमही देतात. पण अडथळा पहिल्यांदा आला त्या दिवसापासून 6 महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. गेट तुळशीच्या लग्नाला लागलं म्हणता, म्हणजे तुमच्या हातात महिना-सव्वा महिनाच उरलाय. लोक बैठका घेत बसतात, मुदत निघून जाते आणि मग दिवाणी कोर्टाचे उंबरठे. तिथं किती वर्षं जातात ते मी सांगायला नको.

तुमची खाचरं साकवापलीकडं आहेत हे बरं झालं. हे कलम मुख्यतः शेतजमिनीकडं जाणाऱ्या वाटांचं आहे. अर्जात "एसटीला जायची गैरसोय" एवढंच लिहिलंत तर समोरचा वकील तिथंच धरेल. खाचरांचे गट नंबर लिहा, सातबारे जोडा, नांगर, लावणी, कापणी, भारे, सगळं कुठून जातं ते लिहा. एसटी, शाळा, बाळंतपण त्याच्या खाली.

लोक 143 वं कलमही सुचवतील, जमीन महसूल संहितेतलं. ते जिथं वाट नाहीच तिथं बांधावरून नवी वाट मिळवायला असतं. तुमची वाट आहे, अडवलेली आहे. दोन्हींची गल्लत करू नका, माझ्या वेळी निम्मे अर्ज याच गल्लतीत फेटाळले जायचे.

आता पुरावे गोळा करा. मोजणी ऑफिसातून गाव नकाशाची नक्कल काढा. पायवाट असेल तर एकेरी तुटक रेघ दिसते, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट. बागेचा सातबारा काढून पोटखराब (लागवडीखाली नसलेली जमीन) वर्ग "ब" मध्ये क्षेत्र आहे का बघा. रस्ता, पायवाट, पाणवठा असं सार्वजनिक वापराचं क्षेत्र त्यात धरतात आणि त्यावर आकार (शेतसारा) नसतो. ग्रामपंचायतीत 23 नंबर मागा, म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. पाखाडीवर पंचायतीनं कधी पैसा खर्च केलाय का? पायऱ्यांची दुरुस्ती, साकव, दिव्याचा खांब, नळाची पाइप? असेल तर बिलाची नक्कल घ्या. खाजगी बागेतल्या पायऱ्या पंचायत कशाला दुरुस्त करेल!

देवगडचा बागायतदार

सगळे एकाच बाजूनं बोलताहेत म्हणून लिहितो. माझी साडेतीनशे कलमं आहेत आणि माझ्याही बागेतून वाट जाते. एप्रिल-मेमध्ये रात्री झोप लागत नाही. झाडावर बारा आणे तयार झालेलं फळ एका रात्रीत पोत्यात भरून नेतात, तेही कच्चं, काठीनं झोडपून. पुढच्या वर्षीचा मोहर येणाऱ्या फांद्या मोडतात ते वेगळंच. फवारणीच्या दिवशी वाटेवरून शाळेची पोरं जात असली की मी पंप बंद करून उभा राहतो, कोणाला त्रास झाला तर जबाब मीच देणार. वर वानरं आहेतच. तेव्हा गेट लावणारा प्रत्येक माणूस राक्षस नसतो, ताईंनीही प्रामाणिकपणे मोटरसायकलीचं लिहिलंय.

पण कुलूप चूक. पायवाटेला कुलूप नसतं, आणि तो कागद तर मलाही आवडला नाही.

मी काय केलं ते सांगतो. पूर्वी बेडं असायचं, दोन खांबांना भोकं आणि त्यातून सरकवलेले बांबू, माणूस बांबू सरकवून जायचा आणि परत लावायचा. आता कोणी परत लावत नाही. म्हणून मी दोन्ही टोकांना जांभ्याचे खांब असे बसवले की माणसाला दोनदा वळून जावं लागतं. डोक्यावर भारा असला तरी बाई जाते, गुरं जात नाहीत, मोटरसायकल तर नाहीच. खर्च गेटापेक्षा कमी आला. हंगामात दोन महिने वाटेच्या कडेनं जाळी ओढतो. चोरी थांबली असं म्हणणार नाही, कमी झाली.

ताई, तुमच्या मालकांशी एकदा समोरासमोर बसा. माणसाकरवी निरोप नको. जो नारळ देऊन पालखी पुढं काढतो त्याच्याशी बोलता येईल असं मला वाटतं.

जुना तलाठी

बागायतदारांचं पटलं, खांबांची कल्पना अर्जातच घाला. तहसीलदारांना असा मधला मार्ग समोर दिसला की निकाल लिहायला सोपं जातं. पण बसा आधी की अर्ज आधी? अर्ज आधी. मुदत बोलणी संपायची वाट बघत नाही. दावा दाखल करून मग बोला, समेट झाला तर तडजोडपत्र तहसीलदारांपुढंच द्या म्हणजे ते आदेशात येतं.

आणि तडजोडीत वाक्य असं हवं: "सदर पाखाडी पूर्वापार वहिवाटीची असून ती पायी ये-जा करण्यास कायम खुली राहील." त्यात परवानगी, रद्द, मालकांची इच्छा यातला एकही शब्द नको. वेळही नको. बाळंतपण सातच्या आत होत नाही हे मी तुम्हाला काय सांगावं!

पालखीला गेट उघडलं त्याचं चित्रण कोणाकडं असेल तर जपून ठेवा. मात्र त्यावर सगळी भिस्त ठेवू नका, ते म्हणतील मी देवासाठी माझ्या खुशीनं उघडलं.

मांडवीपार

मी गोव्यातला, वकील नाही, पण कागदाचा विषय निघाला म्हणून. आमच्या दोना पावलाजवळ वाइंगिणी किनारा आहे. तिथं एका मोठ्या हॉटेलाच्या विस्तारामुळं लोकांची समुद्राकडं जायची जुनी वाट अडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल जानेवारी 2009 चा. तो निकाल लोकांच्या बाजूनं लागला त्यात मोठा वाटा एका कागदाचा होता. सरकारनं जमीन संपादन करून हॉटेलाला दिली तेव्हा 1983 साली करार झाला होता, आणि त्यातच अट होती की किनाऱ्याकडं जाणारी लोकांची वाट अडवायची नाही. खाली सही कंपनीचीच.

नंतर राज्य सरकारनं कायदाच बदलून बांधकाम वाचवलं, तो भाग सोडा, त्यावर बोललो तर रात्र होईल. सांगायचं एवढंच की तिथं कागदानं हॉटेलाला बांधलं, इथं ताई तुम्हीच स्वतःला बांधून घ्यायला निघालात.

आणि उलट बाजूनं शोधा. बागवाल्यांचं खरेदीखत काढलंत काय? नोंदलेला दस्त आहे, दुय्यम निबंधकाकडं नक्कल मिळते. आमच्याकडं जुन्या दस्तांत वाटांची वर्णनं फार बारीक असतात. विकणारे दोघं भाऊ तुमच्याच गावचे, त्यांनी चतुःसीमा लिहिताना पाखाडी वगळली असेल असं वाटत नाही.

वरचीवाडी

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितेय, मध्ये जंतनाशक गोळ्यांचं काम होतं आणि नकला काढायला दोनदा राजापूरला जावं लागलं.

नकाशात रेघ आहे! एकेरी तुटक, सड्यावरून खाली येते. पण पऱ्यापाशी संपते, पलीकडं काही नाही. ग्रामसेवक म्हणाले साकव नंतरचा आहे, नकाशा जुना. 23 नंबरला पाखाडीची नोंद नाही, साकवाची मात्र आहे. म्हणजे पंचायतीच्या वहीत साकव आहे आणि तिथवर जायची वाट नाही, आम्ही उडत जातो बहुतेक. पायऱ्यांच्या दुरुस्तीचं एक बिल सापडलं, वित्त आयोगाच्या पैशातलं, खालच्या चाळीस पायऱ्यांचं.

खरेदीखतं दोन निघाली. उजव्या बाजूच्या दस्तात स्वच्छ लिहिलंय, "पूर्वेस गावची पाखाडी व पलीकडे बंधूंची जमीन". डाव्या बाजूच्या दस्तात पाखाडीचा उच्चारच नाही, पश्चिमेस सरळ भावाचा गट नंबर. ती बाजू विकणाऱ्या धाकट्या भावांना फोन केला, ते बोरिवलीला असतात. म्हणाले, वहिनी, एजंटानं लिहून आणलं होतं, मी वाचलंच नाही. अर्जासोबत तसं लिहून द्याल का विचारलं तर म्हणाले, बघू.

जुना तलाठी

हा "बघू" मी ओळखतो. त्यांच्या मागं लागण्यात दिवस घालवू नका. एका दस्तात पाखाडी आहे, तीच हद्द आहे, तर दुसऱ्या दस्तात ती आपोआप येते, कारण दोन्ही जमिनी लागून आहेत. नकाशा आणि बिल त्याला धरून आहेतच. घाला दावा. सत्यापनाखाली प्रत्येक अर्जदाराची सही हवी. सही केलेल्या पाच घरांतलं कोणी आलं तर उत्तम, पण त्यांनी स्टँपवर सही कधी आणि काय सांगितल्यावर केली ते अर्जात खरं खरं लिहा. लपवलंत तर तेच समोरून येईल.

एक राहिलं होतं. सार्वजनिक वाट अडवली म्हणून दंडाधिकाऱ्यांकडं जायचीही सोय आहे, पूर्वी फौजदारी संहितेचं 133 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 152. आणि रस्त्यावरच्या अतिक्रमणाचं ग्रामपंचायत कायद्याचं 53 वं कलम आहे, पण सरपंच आणि बागवाले एका पंगतीत जेवत असतील तर त्यावर विसंबू नका. आधी मामलेदार कायद्याच्या कलम 5 चा दावा करा.

वरचीवाडी

दावा दाखल झाला, परवा. सात घरांच्या सह्या. स्टँपवर सही केलेल्यांपैकी तिघं आमच्याबरोबर आले. उरलेल्या दोघांशी बोलणं आहे, पण चुलीपुरतं.

बागायतदार दादांचं ऐकून मी त्या साहेबांना फोनही केला. समोरासमोर नाही झालं, ते घाटावरच होते. आधी चिडले, म्हणाले मी चावी देतोय आणि तुम्ही केस करता? मी म्हटलं, साहेब, चावी तुमची आहे, वाट तुमची नाही. नंतर मोटरसायकलींच्या विषयावर आले. त्यावर मी काही बोलले नाही, काय बोलणार, पोरांची चूकच आहे. खांबांचं सांगितलं तर म्हणाले फोटो पाठवा. दादा, तुमच्या खांबांचा एक फोटो टाकाल का, माणूस वळून जाताना दिसेल असा? शक्यतो भारा घेतलेला.

सासूबाईंना सांगितलं की अर्जावर सही लागते, तर आधी विचारलं, ह्यात परवानगी लिवलंय काय? नाही म्हटल्यावर आंगठा न देता सही केली. मला लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांना सही येते हे मला परवा कळलं.

स्थळपाहणीला मंडळ अधिकारी पुढच्या मंगळवारी येणार आहेत, अकराला. त्यांचा फोन आला होता, वाडीत यायला वाट कुठली विचारत होते. खालून पाखाडीनं आलात तर गेट लागेल, मी म्हटलं, सड्यावरून या. गाडी पायरवाडीच्या फाट्याला राहील, पुढं कातळावरून चालत. येताना टोपी आणि पाणी घेऊन या म्हणून सांगितलंय.